कापलेला दीड मार्क आणि डीएनएची दुसरी पिढी

बारावीच्या युनिट टेस्टमध्ये तीन मार्कांचा एक प्रश्न होता: डीएनएची नक्कल सेमीकन्झर्व्हेटिव्ह पद्धतीने (म्हणजे प्रत्येक नकलेत एक पदर जुना, एक नवा) होते, हे मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी कसे दाखवले? हा प्रश्न मी अनेक वर्षे घालत आले आहे आणि त्याचे मार्क कसे द्यायचे हेही हाताला बसून गेले होते. जीवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, अर्धा मार्क. हलक्या नायट्रोजनमध्ये घातले, अर्धा. सीझियम क्लोराइड आणि सेंट्रिफ्यूज, अर्धा. पहिल्या पिढीत मधोमध एकच पट्टा आला, म्हणून पद्धत सेमीकन्झर्व्हेटिव्ह, दीड.

एका मुलीने पहिले तीन मुद्दे बरोबर लिहिले होते. शेवटी मात्र तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले होते की पहिल्या पिढीवरून पद्धत ठरत नाही, नकलेविषयीच्या तीन अंदाजांपैकी फक्त एक बाद होतो. ठरते ते दुसऱ्या पिढीत. मी त्या ओळींखाली लाल रेघ ओढली, समासात 'मुद्दा सुटला' असे लिहिले आणि दीड मार्क कापला. गठ्ठ्यातली चाळिसावी की पन्नासावी उत्तरपत्रिका असेल ती. वाचताना मी एका ठरावीक वाक्याच्या शोधात होते. ते दिसले नाही, एवढेच माझ्या लक्षात आले.

पेपर वाटल्यावर दोन दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, इथे मार्क का गेले ते सांगाल का?" मी सांगू लागले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि मग विचारले, "पण मॅडम, तिसऱ्या अंदाजातसुद्धा पहिल्या पिढीत मधलाच पट्टा आला असता ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबले. तिचे बरोबर होते. दीड मार्क मी तिथेच वाढवून दिला, पण इतकी वर्षे वर्गात मी काय शिकवत होते, हा प्रश्न त्या दीड मार्कात मिटणारा नव्हता. पुढचे चार तास मी पोर्शन बाजूला ठेवला. त्या चार तासांत काय झाले ते शिक्षकांसाठी आणि ज्यांना हा विषय कधीकाळी पाठ करावा लागला त्यांच्यासाठीही लिहून ठेवते आहे.

आधी मुलांविषयी. आमचे ज्युनिअर कॉलेज मध्य मुंबईत आहे. लालबाग, काळाचौकी, शिवडी, परळ इथल्या चाळींतून आणि आता चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या पुनर्वसन इमारतींतून मुले येतात. बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. अकरावीत एका उन्हाळ्यात प्रकाशसंश्लेषणाचे फोटोसिंथेसिस होते आणि पेशीचे सेल होते. विज्ञान तेच असते, पण पायाखालची जमीन सरकलेली असते. अशा मुलांना इंग्रजी वाक्य अख्खे उचलणे सुरक्षित वाटते, कारण ते मोडून स्वतःच्या शब्दांत मांडायला गेले की व्याकरण चुकते आणि व्याकरण चुकले की आमच्यासारख्यांचा लाल पेन चालतो. ही मुलगी त्या सुरक्षित वाक्याच्या बाहेर पडली होती. आपले इंग्रजी कच्चे आहे हे माहीत असूनही तिने स्वतःला पटलेले तेच लिहिले होते. मला हे तेव्हाच दिसायला हवे होते.

पहिल्या तासाला मी पुस्तके मिटायला लावली आणि फळ्यावर तारीख लिहिली: २५ एप्रिल १९५३. त्या दिवशीच्या 'नेचर'च्या अंकात वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दोन पदरांची पिळदार शिडी मांडली. त्यामागे लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी काढलेली क्ष-किरणांची छायाचित्रे होती. शिडीच्या पायऱ्यांत ए समोर टी, जी समोर सी, हे जोड्यांचे नियम कळले की एका पदरावरून दुसरा बांधता येतो. लेखाच्या शेवटी त्या दोघांनी एका वाक्यात सुचवून ठेवले की या जोड्यांवरून नकलेची एक संभाव्य रीत लगेच डोळ्यांसमोर येते, आणि महिनाभराने दुसऱ्या लेखात ती रीत उलगडून सांगितली. पण सुचणे वेगळे आणि घडताना दिसणे वेगळे. तेव्हा कोणाकडेही पुरावा नव्हता. मी मुलांना म्हटले, आपण १९५३ सालात बसलो आहोत. डीएनए दोन पदरांचा आहे, पेशी दुभंगण्याआधी त्याचे दोन होतात, एवढेच आपल्याला माहीत आहे. जुने पदर कुठे गेले असतील?

तीन उत्तरे निघाली आणि ती मुलांनीच काढली. एक, दोन्ही जुने पदर एकत्रच राहतात आणि शेजारी अगदी नवा कोरा डीएनए तयार होतो. दोन, जुने पदर सुटतात आणि प्रत्येक जुन्या पदराशी एक नवा जोडला जातो. तिसरे उत्तर एका मुलाने जरा बिचकत दिले: जुने तुटून तुकडे होत असतील आणि जुने-नवे तुकडे दोन्हीकडे मिसळत असतील. यांना कन्झर्व्हेटिव्ह, सेमीकन्झर्व्हेटिव्ह आणि डिस्पर्सिव्ह ही नावे मॅक्स डेलब्रुक आणि गुंथर स्टेंट यांनी दिली. नावे मी मुद्दाम सर्वांत शेवटी सांगितली. आधी नाव दिले की मुले नावच पाठ करतात आणि त्यामागची कल्पना हातातून निसटते.

मग प्रत्येकाने वहीत तक्ता आखला. जड नायट्रोजनवर वाढलेल्या जीवाणूंचा सुरुवातीचा डीएनए पूर्ण जड. त्यानंतर जे काही नवे बनेल ते हलके. पहिल्या पिढीनंतर तिन्ही अंदाजांनुसार काय दिसेल? दुसऱ्या पिढीनंतर? प्रयोगाचा निकाल फळ्यावर यायच्या आत प्रत्येकाने आपले भाकीत पेनने लिहायचे, पेन्सिलने नाही. या विषयातला सर्वांत मोलाचा अर्धा तास मी आजवर गाळत आले होते.

पहिल्या अंदाजात कोणाची चूक झाली नाही. पहिल्या पिढीत अर्धा जड, अर्धा हलका. दुसऱ्यात पाव जड आणि पाऊण हलका. मधे काहीच नाही. सेमीकन्झर्व्हेटिव्हमध्ये पहिल्या पिढीत सगळेच मधल्या वजनाचे, दुसऱ्यात अर्धे मधले आणि अर्धे हलके, हेही बहुतेकांना आले. तिसऱ्या अंदाजाशी मात्र वर्ग अडला. पुष्कळांनी दुसऱ्या पिढीत दोन पट्टे काढले होते. का, तर पुस्तकातल्या चित्रात दोन पट्टे असल्याचे त्यांच्या डोक्यात होते. म्हणजे भाकीत करण्याऐवजी ते आठवत होते.

तेव्हा मी कोकम सरबताचे उदाहरण घेतले. एक ग्लास गडद सरबत घ्या, तेवढेच पाणी घाला आणि दोन ग्लासांत वाटा. दोन्हींत सारखाच अर्धा रंग. पुन्हा तेवढेच पाणी घालून चार ग्लासांत वाटा. चारही सारखे, आधीपेक्षा फिके. कोणत्याही फेरीत एक ग्लास गडद आणि एक पांढरा असे होणार नाही. तुकडे सर्वत्र सारखे मिसळत असतील तर दर पिढीत एकच पट्टा दिसेल आणि तो हळूहळू हलक्या बाजूला सरकत जाईल: आधी निम्म्यावर, मग पावावर, मग आठव्या हिश्शावर. उलट, पदर अख्खा राहत असेल तर पातळ होणे नाहीच. जुना पदर शंभराव्या पिढीतही जुनाच आणि पूर्ण जडच असेल. त्याचे जोडीदार बदलतील आणि गर्दीत त्याचे प्रमाण घटेल, एवढेच.

त्या मुलीचा मुद्दा इथे प्रत्येकाच्या वहीत उतरला. पहिल्या पिढीच्या रकान्यात दुसरा आणि तिसरा अंदाज शब्दशः सारखे होते.

दुसरा तास प्रॅक्टिकलच्या लॅबमध्ये घेतला, कारण मुलांची खरी अडचण सेंट्रिफ्यूजमध्ये होती. रक्त तपासायच्या लॅबमधले यंत्र त्यांना माहीत असते, त्यात जड ते खाली बसते. मग मधला पट्टा मधेच का थांबतो, तळाला का जात नाही? लॅबमधल्या मामांनी मोठ्या मोजपात्रात तळाला मिठाचे दाट पाणी घेतले आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून, अगदी सावकाश, नळाचे पाणी सोडले. दोन्हींच्या सीमेवर खारटपणा हळूहळू बदलणारा एक पट्टा तयार होतो. त्यात बटाट्याची फोड सोडली. ती साध्या पाण्यातून खाली गेली, मधे येऊन थांबली, बोटाने ढकलली तरी पुन्हा तिथेच आली. जिथे भोवतालच्या पाण्याची घनता आपल्याइतकी होते तिथे वस्तूला खालीही जायचे नसते आणि वरही. फोड लहान असो वा मोठी, जागा तीच. वर्गातल्या एका मुलाने लहानमोठ्या चार फोडी टाकून ते स्वतः पडताळले, आणि डीएनएच्या तुकड्यांची लांबी कमीजास्त असली तरी पट्टा एकच का येतो, हे मला वेगळे समजवावे लागले नाही.

पात्रातले हे थर आम्ही हाताने रचले होते. मेसेलसन आणि स्टाल यांनी ते फिरवण्यातून मिळवले. सीझियम क्लोराइडचे एकसारखे द्रावण अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांनी फिरते तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ १ लाख ४० हजार पट ओढ तयार होते. जड सीझियम बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, पसरण्याची त्याची स्वाभाविक ओढ त्याला परत खेचते आणि दोन्हींच्या तोलातून घनतेचा अखंड उतार तयार होतो. वीसेक तास फिरवले की डीएनए आपापल्या घनतेच्या जागी, १.७१ च्या आसपास, अरुंद पट्ट्यात गोळा होतो. जड आणि हलक्या डीएनएतला फरक किती, तर घनसेंटिमीटरला ०.०१४ ग्रॅम. हा आकडा मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. सगळा प्रयोग या फटीत उभा आहे, आणि जेरोम व्हिनोग्रॅड यांच्यासह ही पद्धत आधी घडवल्याशिवाय तो करताच आला नसता.

ही दोन माणसे १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल इथे भेटली. काम झाले कॅलिफोर्नियात, कॅलटेकमध्ये. आधी त्यांनी विषाणू घेतले आणि डीएनए जड करण्यासाठी ५-ब्रोमोयुरॅसिल वापरून पाहिले. त्यातून साफ उत्तर हाती येईना, तेव्हा ते जीवाणू आणि नायट्रोजन-१५ कडे वळले. हा नायट्रोजन किरणोत्सारी नाही, नुसता जड आहे. मुले परीक्षेत हमखास 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह नायट्रोजन' लिहितात, म्हणून इथे थांबून सांगते. १९५७ च्या शरदात नेमके पट्टे दिसले तेव्हा मेसेलसन सत्तावीस वर्षांचे होते आणि स्टाल नुकतेच अठ्ठावीस वर्षांचे झाले होते. वर्गातल्या मुलांपेक्षा दहाच वर्षांनी मोठे.

तिसऱ्या तासाला मी निकाल एकदम दाखवला नाही. ज्या वेळांना त्यांनी नमुने काढले त्या क्रमाने एकेक पट्टा फळ्यावर काढत गेले. आपल्याकडच्या अनेक पुस्तकांत पिढी म्हणजे २० मिनिटे असे छापलेले असते. त्यांच्या माध्यमात जीवाणूंना दुप्पट व्हायला सुमारे ५० मिनिटे लागत होती आणि नमुने काही पूर्ण पिढ्यांवरच घेतलेले नव्हते: ०, ०.३, ०.७, १.०, १.१, १.५, १.९, २.५, ३.० आणि ४.१.

शून्यावर एकच जड पट्टा. ०.३ वर जडच्या शेजारी मधला पट्टा फिका दिसू लागतो. ०.७ वर मधला गडद, जड ओसरलेला. या दोन नमुन्यांपाशी मुले गोंधळली आणि गोंधळणे योग्यच होते, कारण पुस्तकात हे कधी येत नाही. मी वेळ दिला. पेशी सगळ्या एका क्षणी नक्कल करत नाहीत, काहींची झालेली असते आणि काहींची व्हायची असते, हे त्यांचे त्यांनाच सुचले. एकीने म्हटले, "हलका पट्टा अजून कुठेच नाही. म्हणजे पहिला अंदाज इथेच मेला." खरेच होते. एक पिढी पूर्ण होण्याआधीच तो गेला होता.

१.० वर फक्त मधला. इथे मी खडू खाली ठेवला आणि विचारले, आता ठरले का? वर्ग वहीतल्या तक्त्यात पाहू लागला. दोन रकाने सारखे. "नाही," मागच्या बाकांवरून आवाज आला, मग पुढूनही. मी इतकी वर्षे इथेच शिकवणे संपवत होते. माझी आदर्श उत्तरपत्रिका इथेच संपत होती.

१.९ वर दोन पट्टे, मधला आणि हलका, जवळजवळ सारखे. सरबताच्या हिशेबाने इथे एकच पट्टा हवा होता, मधल्या आणि हलक्याच्या मधोमध. तिथे काहीही नव्हते. पुढे ३.० आणि ४.१ वर मधला पट्टा फिका फिका होत गेला, पण त्याने जागा सोडली नाही. मला या प्रयोगात सर्वांत सुंदर वाटते ते हेच. पट्टा फिका होणे म्हणजे जुन्यांची संख्या गर्दीत कमी होणे. पट्टा सरकणे म्हणजे जुने स्वतः विरघळणे. दोन्ही गोष्टी फोटोत वेगळ्या दिसतात, आणि प्रश्नाचा निकाल त्या फरकाने लावला. ज्या मुलीमुळे हा तास झाला ती खिडकीजवळ बसून तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीवर काट मारत होती. तिच्याकडे पाहून मला फार बरे वाटले.

हा लेख १९५८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या नियतकालिकात आला. त्यात या दोघांनी 'पदर' असे न म्हणता 'उपघटक' म्हटले. मधल्या वजनाचा डीएनए तापवला की त्याचे जड आणि हलके असे दोन भाग होतात, हेही त्यांनी दाखवले. तरीसुद्धा हे भाग म्हणजे वॉटसन-क्रिक यांच्या शिडीचे एकेक पदरच आहेत हे अजून सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले. हातात इतका देखणा निकाल असताना जेवढे दिसले तेवढेच म्हणायचे, हा संयम मी मुलांना आवर्जून वाचून दाखवला.

चौथा तास ठरलेला नव्हता. तिसऱ्या तासाच्या शेवटी एका मुलाने विचारले, "मॅडम, पण एवढा पीळ सुटतो कसा?" आणि त्यासाठी एक तास द्यावाच लागला.

हा प्रश्न जुना आणि दमदार आहे. १९५४ मध्ये डेलब्रुक यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. दोन पदर एकमेकांभोवती गुंडाळलेले असतील तर ते वेगळे करायला संपूर्ण रेणू गरगर फिरवावा लागेल. ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख जोड्या आहेत आणि एका वेढ्यात साडेदहा. मुलांनी भागाकार केला: जवळजवळ ४ लाख ४० हजार वेढे, आणि नकलेला वेळ ४० मिनिटे. म्हणजे मिनिटाला ११,००० वेढे सुटायला हवेत. डेलब्रुक यांना हे अशक्य वाटले, म्हणून त्यांनी सुचवले की पदर जागोजागी तुटत असावेत आणि नव्याशी सांधले जात असावेत. तुकड्यांचा तिसरा अंदाज उगवला तो इथून. तो काही परीक्षेत पर्याय भरण्यासाठी जोडलेला अंदाज नव्हता. एका मोठ्या शास्त्रज्ञाला पडलेल्या खऱ्या अडचणीचे ते उत्तर होते. हे मुलांना सांगितल्याशिवाय तिसरा अंदाज त्यांना गंभीरपणे घ्यावासा कसा वाटेल?

आम्ही सुतळी आणली. दोन पदरी सुतळीचे एक टोक टेबलाला बांधले आणि दुसऱ्या टोकाचे दोन पदर दोन मुलांनी दोन बाजूंना ओढले. वीतभर सुटले आणि पुढची सुतळी पिळवटून गाठीगाठींची झाली. आणखी ओढवेना. लॅबमधले मामा हे पाहत उभे होते. गिरणी कामगाराच्या घरातले आहेत ते, सूत हातात खेळवलेले. म्हणाले, "त्यातला एक पदर कापा की. पीळ निघून जाऊ दे, मग सांधा परत."

कात्रीने एक पदर कापला. कापलेले टोक शाबूत पदराभोवती सरसर फिरले आणि साचलेला पीळ निघून गेला. मग आम्ही गाठ मारली. पेशी अगदी हेच करते. जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये ई. कोलायमधून असे प्रथिन वर्णिले, जे डीएनएचा एक पदर कापते, पीळ जाऊ देते आणि पुन्हा सांधते. आज त्या कुळाला टोपोआयसोमरेझ म्हणतात. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी गायरेझ शोधले. ते दोन्ही पदर एकदम कापून त्यातून डीएनए पार करते आणि पुन्हा जोडते. केमिस्टकडे मिळणारी सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी जीवाणूच्या या गायरेझलाच धरते, म्हणून जीवाणू मरतो. घरोघरी नाव माहीत असलेल्या औषधाचा धागा इथे येऊन मिळाल्यावर वर्गात जी कुजबुज झाली ती मला अजून ऐकू येते.

म्हणजे डेलब्रुक पूर्ण चुकले नव्हते. कापून सांधणे पेशीत खरेच घडते. फक्त जुने-नवे मिसळण्यासाठी नाही, तर पीळ काढण्यासाठी. मामांना मी फळ्यासमोर बोलावून हे सांगितले.

या विषयाला पुढे पुष्कळ फाटे आहेत, ते मी भराभर सांगितले. टेलर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच एका शेंगभाजीच्या मुळांच्या टोकांत किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक घटक) घालून गुणसूत्रांत हाच नमुना पाहिला होता. केर्न्स यांनी १९६३ मध्ये ई. कोलायचा अख्खा डीएनए नक्कल होताना फिल्मवर उमटवला. नक्कल करणारे एन्झाइम कोर्नबर्ग यांच्या गटाने १९५६ मध्ये मिळवले. नवा एक पदर आधी छोट्या तुकड्यांत बनतो, हे ओकाझाकी दांपत्याने १९६८ मध्ये दाखवले. आणि आपल्याच शहरात, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. एका जीवाणूचा डीएनए दुसऱ्यात जाऊन कसा सामावतो यावर त्यांनी पुढे काम केले. लालबागहून कुलाबा एका बसचा प्रवास आहे. हे विज्ञान कुठेतरी लांबच घडते, अशी समजूत मुलांच्या मनात राहू नये म्हणून मी हे सांगते.

या चार तासांची किंमत मोजावी लागली. पुढचे ट्रान्सक्रिप्शन घाईत उरकले आणि ते मुलांच्या उत्तरांत दिसले. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी विचारले, बोर्डात एवढे कोण विचारते? त्यांचा प्रश्न अवाजवी नव्हता. तीन मार्कांच्या प्रश्नाला मुलाकडे पाच-सहा मिनिटे असतात. प्रीलिममध्ये काहींनी याच प्रश्नावर दोन पाने भरली आणि शेवटचे प्रश्न सोडले. त्यांना मी नंतर बसवून नेमके सहा ओळींत लिहायला शिकवले. काही जणांनी अजूनही जुनेच वाक्य लिहिले, पहिल्या पिढीपाशी थांबणारे. त्यांना मी पूर्ण शून्य दिले नाही, अर्धा मार्क दिला, कारण पहिला अंदाज बाद झाला हे तरी त्यात होते.

माझी मार्कांची वाटणी मी बदलली. दीड मार्काचे दोन भाग केले: पहिल्या पिढीवरून कोणता अंदाज गेला, आणि दुसऱ्या पिढीवरून कोणता. प्रश्नही आता वेगळा घालते. निकाल आधी देऊन टाकते आणि विचारते, तिसरा अंदाज खरा असता तर १.९ पिढीला काय दिसले असते? पुस्तकातले चित्र पाठ करून याचे उत्तर येत नाही. तक्ता मांडावाच लागतो.

प्रीलिमनंतर ती मुलगी पुन्हा आली, या वेळी वही घेऊन. सुरुवातीला जीवाणू जड नायट्रोजनमध्ये १४ पिढ्या का वाढवले, एवढ्या कशाला, असा तिचा प्रश्न होता, आणि उत्तर तिने स्वतःच मांडून आणले होते. एकातून दोन, दोनातून चार, असे चौदा वेळा गेले की १६,३८४ होतात. म्हणजे सुरुवातीचे हलके द्रव्य सोळा हजारांत एक भाग उरते. मी तिला सांगितले की जीवाणूंना दिलेल्या त्यांच्या जड मिठातच (अमोनियम क्लोराइडमध्ये) नायट्रोजन-१५ चे प्रमाण ९६.५ टक्के होते, साडेतीन टक्के हलका नायट्रोजन त्यात मुळातच होता. तिने लगेच खाली हिशेब केला. सात पिढ्यांनंतर १२८ मध्ये एक, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी. "मग सातव्या पिढीलाच जुन्याचा अडथळा मिठातल्या भेसळीपेक्षा कमी झाला होता, मॅडम. चौदा म्हणजे त्यांनी शंकेला जागाच ठेवली नाही."

हिशेबाच्या खाली तिने मराठीत एक ओळ लिहिली होती आणि तिला दोनदा अधोरेखित केले होते: नक्कल कशीही होत असली, तिन्ही अंदाजांत हा भागाकार सारखाच येतो. रिकाम्या जागा भरा या सदरासाठी तो १४ चा आकडा मी मुलांकडून इतकी वर्षे पाठ करून घेत होते.